फेब्रुवारीत लावलेला टमाटर एप्रिलमध्ये का रुसतो

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे पुढचं बोलणं कशावर आहे ते कळेल. नागपूरच्या मनीषनगरात तिसऱ्या मजल्यावरची उघडी गच्ची. १२ बाय १२ इंचांच्या २२ ग्रो बॅगा, त्यात निम्मी शेतातली काळी माती आणि निम्मं शेणखत. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात टमाटर, मिरची आणि वांग्याची रोपं लावली. मार्चभर झाडं दृष्ट लागावी अशी वाढली. आता एप्रिल अर्धा सरला, तर टमाटरची फुलं देठासकट गळताहेत, मिरचीची पानं वळली आहेत आणि दोन वेळा पाणी देऊनही दुपारी झाडं माना टाकतात. कुणीतरी सांगितलं म्हणून डीएपी हे रासायनिक खत टाकलं, वरून टॉनिक फवारलं. आता कोणतं खत द्यावं, असं तुम्ही विचारलंय.

सध्या कोणतंच नको. तुमची अडचण खताची नाहीच. टमाटरचं चुकलं ते तारखेत, आणि सगळ्याच झाडांचं अडलंय ते मातीत. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत, त्यामुळे वेगवेगळ्या बघू.

आधी तारीख. टमाटरला फळ धरायला रात्री थंड लागतात, साधारण १५ ते २१ अंशांच्या. दिवसाचं तापमान ३५ च्या वर आणि रात्रीचं २४-२५ च्या वर राहू लागलं की परागकण निकामी होतात. फूल उमलतं, छान दिसतं, पण फळ धरत नाही आणि चार दिवसांत देठाच्या गाठीपासून सुटून पडतं. त्यातली गोम अशी, की परागकण तयार होतात ते फूल उमलण्याच्या आठ-दहा दिवस आधी, कळी बारीक असतानाच. म्हणजे आज गळलेलं फूल जवळजवळ दोन आठवड्यांपूर्वीच्या उन्हाचा हिशोब देतंय. म्हणूनच मध्ये दोन दिवस आभाळ आलं, गार वारा सुटला, तरी फुलगळ लगेच थांबत नाही. नागपुरात एप्रिलमध्ये दुपारचा पारा चाळिशीवर आणि रात्रीचा पंचविशीच्या आसपास असतो. गच्चीवर तर दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतो, त्यामुळे तुमच्या झाडांची रात्र हवामान खात्याच्या आकड्याहूनही गरम असते. फेब्रुवारीत लावलेल्या रोपाला फुलांचा बहर येतो मार्चच्या उत्तरार्धात. नेमक्या तेव्हाच रात्री तापू लागतात.

त्यामुळे बोरॉन, टॉनिक, ‘फुलगळ थांबवणारं’ औषध यांवर या महिन्यात पैसे घालवू नका. ती औषधं खोटी आहेत असं नाही, हंगामात त्यांचा थोडा उपयोग होतोही. पण निकामी परागकण कुठल्याच बाटलीने जिवंत होत नाहीत.

झाडावर जी हिरवी फळं आहेत, ती तरी हाती लागू द्या. ३०-३२ अंशांच्या वर टमाटरमधला लाल रंग बनणं थांबतं, म्हणून झाडावर ठेवलेलं फळ पिवळट-नारिंगी होऊन तसंच राहतं आणि उन्हाच्या बाजूने पांढरं भाजतं. फळाच्या बुडाला जरा गुलाबी झाक आली की तोडा आणि घरात सावलीत, टोपलीत एकावर एक न रचता ठेवा. फ्रीजमध्ये नको.

आता माती, म्हणजे ‘दोन वेळा पाणी देऊनही झाडं कोमेजतात’ हा भाग. यावर जरा सविस्तर बोलावं लागेल, कारण इथल्या निम्म्या गच्च्यांवर हेच होतं.

काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते. शेतात ती आकसली तर जमिनीला भेगा पडतात. बॅगेत आकसली तर सगळा ढेकळाचा गोळा बाजूंपासून सुटतो आणि माती व बॅग यांच्यामध्ये बोटभर फट पडते. तुम्ही वरून मगभर पाणी ओतता, ते त्या फटीतून सरळ खाली जातं, भोकांतून बाहेर येतं आणि तुम्हाला वाटतं की झाड पोटभर प्यायलं. प्रत्यक्षात मधला गोळा कोरडाठाक असतो. पाणी दिल्यावर अर्ध्या तासाने एका बॅगेत खुरपीने सहा इंच खोल उकरून बघा. वरचा एक इंच चिखल आणि खाली कोरडं ढेकूळ दिसलं, तर निदान पक्कं. याच्या उलटही असू शकतं: खालपर्यंत गच्च ओलं आणि आंबूस वास. मग मुळं कुजताहेत आणि पाणी कमी करायला हवं. या दोन्हींत झाड वरून अगदी सारखंच दिसतं, म्हणून उकरल्याशिवाय काही ठरवू नका.

आणखी एक खूण वेळेची. दुपारी दोनला मान टाकलेलं झाड सूर्य मावळल्यावर आपोआप उभं राहत असेल तर काळजी नको. पानांतून पाणी उडण्याचा वेग मुळांच्या ओढण्याहून जास्त झाला, एवढाच त्याचा अर्थ. सकाळी सहालाही झाड मलूल असेल, तर मात्र मुळांशी काहीतरी बिघडलंय.

ढेकूळ कोरडं निघालं तर आता माती बदलायला जाऊ नका. या उन्हात मुळं उघडी पडली की झाड जातंच. त्याऐवजी बोथट काठीने प्रत्येक बॅगेत खोडापासून चार बोटं लांब, सहा-सात इंच खोल अशी चार-पाच भोकं करा. त्यांत आणि कडेच्या फटीत गांडूळखत व भिजवलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) निम्मं-निम्मं मिसळून भरा. मग पाणी तीन हप्त्यांत द्या. एकेक लिटर, मध्ये दहा मिनिटं थांबून. पहिला लिटर फक्त मातीला पाणी घ्यायला तयार करतो, मुरतात ते दुसरा आणि तिसरा. वर दोन इंचांचं आच्छादन हवंच. सुकी पानं चालतात, धानाची तणस मिळाली तर उत्तम, रसवंतीवरची उसाची चिपाडंही चालतील. फक्त चिपाडं चार-पाच दिवस कडक उन्हात वाळवून घ्या, नाहीतर गोडीला मुंग्या येतात. आच्छादन खोडाला चिकटवू नका, दोन बोटं जागा मोकळी राहू द्या.

पाणी किती? बॅग उन्हात आहे की शेडनेटखाली, म्हणजे सावलीच्या जाळीखाली, झाड केवढं, वारा किती, यावर ते बदलतं. तरी अंदाज हवा असेल तर वाढलेल्या झाडाच्या १२ इंची बॅगेला एप्रिलमध्ये रोज दीड ते दोन लिटर आणि मे महिन्यात अडीचपर्यंत लागतं. यातलं मोठं माप सकाळी सातच्या आत द्या. संध्याकाळच्या पाण्यात एक फसगत आहे. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी संध्याकाळी सहा-सातला अंघोळीला काढतात तसं कढत असतं, आणि उन्हात पडलेल्या पाइपातलं त्याहून जास्त. तेच आपण तापलेल्या मुळांवर ओततो. टाकी रात्रभरात निवते, म्हणून पहाटेचं पाणी सगळ्यात चांगलं. संध्याकाळी द्यायचंच असेल तर सकाळीच दोन बादल्या भरून जिन्यात सावलीला ठेवा. ठिबक बसवलं असेल तर बॅगेला ताशी दोन लिटरचे दोन ड्रिपर लावा. वीस मिनिटांत सव्वा लिटरच्या वर पाणी पडतं. बोअरच्या जड पाण्याने ड्रिपर महिनाभरात बुजतात. ते काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये टाकले की मोकळे होतात.

आता खास आपल्याकडची चूक: कूलरचं पाणी. आठवड्याने टाकी रिकामी करताना ‘वाया कशाला घालवायचं’ म्हणून ते कुंड्यांना दिलं जातं. कूलर पाणी उडवतो, क्षार उडवत नाही. रोज नवं पाणी पडतं, रोज उडून जातं आणि टाकीत क्षार साठत जातात. ताट्यांवर जमणारा पांढरा थर त्याचाच. ते पाणी फरशी धुवायला वापरा, झाडांना नको. आरओतून बाहेर पडणाऱ्या पाण्याचंही तेच. एसीच्या नळीतून टपकणारं पाणी मात्र जवळजवळ क्षारविरहित असतं, ते बिनधास्त वापरा.

क्षारांवरून डीएपीकडे येतो. त्यात १८ टक्के नत्र आणि ४६ टक्के स्फुरद असतं. एकराला ठीक असलेलं खत तुमच्या बॅगेतल्या वीस लिटर मातीत मूठभर पडलं की मुळांभोवती मिठाचं पाणी होतं आणि ओली माती असूनही झाडाला ते ओढता येत नाही. शिवाय काळी माती मुळातच अल्कधर्मी, त्यात जादा स्फुरद आलं की लोह आणि जस्त झाडाला मिळेनासं होतं. येत्या दोन आठवड्यांत शेंड्याची नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर आश्चर्य वाटू देऊ नका. खताचे दाणे अजून वर दिसत असतील तर वरच्या इंचभर मातीसकट खरवडून टाका. त्यानंतर एकदाच, नळाच्या साध्या पाण्याने प्रत्येक बॅग धुऊन काढा. २० लिटरच्या बॅगेतून ४० लिटर पाणी, हळूहळू, पहाटेच्या वेळी. पाणी बरंच लागतं हे खरं, म्हणून डीएपी पडलेल्या बॅगांपुरतंच करा. त्यानंतरही पिवळेपणा राहिला तर चिलेटेड लोह (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं) लिटरला अर्धा ते एक ग्रॅम, सूर्यास्तानंतर पानांवर. पावसापर्यंत बाकी काही देऊ नका. तापाने फणफणलेल्या माणसाला आपण पुरणपोळी वाढत नाही.

वळलेल्या पानांचं निदान फोटोशिवाय मी छातीठोकपणे करणार नाही, पण ते तुम्हालाच करता येईल. टमाटरची खालची, जुनी पानं लांबीत वरच्या बाजूला पन्हाळीसारखी वळली असतील, हिरवी आणि जाडसर असतील, तर तो उन्हापासून बचाव आहे, रोग नव्हे. शेंड्याची नवी पानं बारीक, सुरकुतलेली, पिवळसर आणि झाड खुजं राहिलेलं असेल, तर तो पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू. त्याला औषध नाही. झाड उपटून पिशवीत बांधून फेका, कंपोस्टमध्येही नको. मिरचीची पानं होडीसारखी वर वळली असतील तर बहुधा फुलकिडे, खाली वळून लांबुडकी झाली असतील तर कोळी ही बारीक कीड. यालाच आपण चुरडामुरडा म्हणतो. पांढऱ्या कागदावर फांदी झटकली की फुलकिड्यांचे बारीक पिवळट धागे चालताना दिसतात. टमाटर-वांग्याच्या पानांवर बारीक पांढुरके ठिपके आणि पाठीमागे जाळी दिसली तर तो लाल कोळी. त्याला कोरडी, तापलेली हवा मानवते, त्यामुळे त्याच्यासाठी पहिलं औषध साधं पाणी: पहाटे पाइपाचा जोरदार फवारा पानांच्या खालच्या बाजूने, एक दिवसाआड, आठवडाभर. निंबोळी तेल लिटरला ५ मिली, त्यात साबणाचे थोडे थेंब, हे प्रमाण सगळ्यांना पाठ आहे. मात्र या दिवसांत ते सकाळी फवारलं तर दुपारपर्यंत पानं तळल्यासारखी करपतात. दिवस मावळल्यावरच फवारा, आणि आधी एका फांदीवर करून दोन दिवस बघा.

सावली नक्की करा. ५० टक्क्यांची, म्हणजे निम्मं ऊन अडवणारी शेडनेट घ्या. ७५ टक्क्यांची घेतली तर झाडं लांबुडकी होतात आणि फुलंच कमी लागतात. पांढरी मिळाली तर बरी, हिरवीही चालते. स्लॅबपासून सात-आठ फूट उंच बांधा, म्हणजे खाली हवा खेळेल. वरच्यापेक्षाही महत्त्वाची आहे पश्चिमेची बाजू, तिथे नेट कमरेपर्यंत खाली सोडा. दुपारी तीननंतरचं तिरपं ऊन बॅगेच्या अंगावर पडतं आणि आतली मुळं शिजतात, हे लोकांच्या लक्षात येत नाही, कारण सगळे पानांकडे बघत असतात. पश्चिमेच्या रांगेतल्या बॅगांना ओलं पोतं गुंडाळा, किंवा बाहेरून चुना फासा. बॅगा विटांवर उचलून, एकमेकींना खेटून ठेवा. मे महिन्यातल्या वावटळीत नेट फाटते ती बहुतेक बांधलेल्या कोपऱ्यातून, म्हणून एका बाजूला सुतळीऐवजी सायकलच्या जुन्या ट्यूबचे पट्टे बांधा. वाऱ्यात ते ताणतात.

कोणतं झाड ठेवायचं आणि कोणतं काढायचं? टमाटरची आशा सोडा. फळं उतरली की काढून टाका, नवतप्यापर्यंत, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांपर्यंत, पाणी घालत बसण्यात अर्थ नाही. मिरची आणि वांगी मात्र नक्की जगवा. ही झाडं बारमाही वृत्तीची आहेत. मे महिन्यात त्यांच्याकडून फळांची अपेक्षा ठेवू नका. छाटणीही आता नको, पानांची सावली गेली की खोड भाजतं. जूनमध्ये दोन चांगले पाऊस झाले, हवा निवली, की एक तृतीयांश छाटा, बॅगेला दोन ओंजळी गांडूळखत द्या. ऑगस्टमध्ये तीच मिरची पुन्हा लदबदते.

मोकळ्या होणाऱ्या बॅगांत उन्हाला न घाबरणारं काहीतरी लावा. भेंडी, गवार, बरबटी, अंबाडी, चवळई यांना अजून वेळ आहे. त्यातही अंबाडी आणि चवळई सगळ्यात निबर, महिनाभरात भाजी कापता येते. भेंडीला एका बॅगेत दोनच झाडं ठेवा, पंचेचाळीस-पन्नास दिवसांत तोडा सुरू होतो. परभणी क्रांती हे वाण जुनं आणि भरवशाचं, तरी पानं पिवळी जाळीदार झाली, म्हणजे हळद्या आला, तर ते झाड काढावंच लागेल. ढेमसं, दोडकं, काकडी यांना १२ इंची बॅग पुरत नाही, ४०-५० लिटरची टाकी किंवा जुन्या कूलरचं तळ हवं. आणि उन्हात वेलांवर नर फुलंच जास्त येतात, तेव्हा ‘फुलं येतात, फळ नाही’ ही तक्रार ठरलेली. मागे इवलंसं फळ असलेलं ते मादी फूल. नर फूल तोडून त्याचा पराग त्याला लावायचा: काकडीला सकाळी नऊच्या आत, दोडक्याला संध्याकाळी, कारण दोडक्याचं फूल दिवेलागणीच्या सुमारास उमलतं. सांभाराचं, म्हणजे कोथिंबिरीचं, सगळेच विचारतात, म्हणून सांगतो: आता लावला तर उगवण तुटक होते आणि बोटभर वाढून तुरा येतो. नेटखाली घमेल्यात, धने चपलेने रगडून दोन फाकी करून आणि रात्रभर भिजवून लावलात तर चिमूटभर मिळेल. जुडी हवी असेल तर ऑक्टोबरची वाट बघा.

मातीचं काम जूनमध्ये. २० लिटरच्या बॅगेला माझं प्रमाण असं: काळी माती ४ लिटर, भिजवून फुगलेलं कोकोपीट ७, गांडूळखत किंवा वर्षभर कुजलेलं शेणखत ६, धानाचा तूस ३, आणि निंबोळी पेंड १०० ग्रॅम. तूस म्हणजे टरफल, कोंडा नव्हे. कोंडा घातला तर आंबून तापतो. टरफल लवकर कुजत नाही, म्हणून माती मोकळी राहते. भंडारा-गोंदियाकडून येणारं कुणी असेल तर एक पोतं मागवा, तिकडे गिरण्यांबाहेर त्याचे ढीग असतात. कोकोपीटची ५ किलोची वीट भिजवून ६०-७० लिटर होते, पण ते दोन-तीन पाण्यांनी धुवा. पहिलं पाणी काळ्या चहासारखं निघतं, फिकं होईपर्यंत धुवायचं, कारण त्यात क्षार असतात. शेणखत पुरतं कुजलेलं नसेल तर हुमणी आणि मुंग्या दोन्ही घेऊन येतं. या मिश्रणाचा दुसरा फायदा वजनाचा. तुमची आत्ताची बॅग ओली झाली की तीस किलोच्या घरात जाते, म्हणजे बावीस बॅगांचे साडेसहाशे किलो. नवी वीस-बावीस किलोंत बसते. तरीही बॅगा गच्चीच्या मधोमध न ठेवता भिंतींच्या आणि बीमच्या रेषेत ठेवा.

टमाटर पुन्हा लावायचा तो असा. बी जुलैच्या शेवटच्या आठवड्यात ट्रेमध्ये, पावसाचा मार लागणार नाही अशा छताखाली पण उजेडात. पंचवीस-तीस दिवसांचं रोप ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीला बॅगेत, एका बॅगेत एकच, पहिल्या दोन पानांपर्यंत खोडासकट मातीत गाडून. खोडाला तिथे मुळं फुटतात. पानांच्या विषाणूने गेल्या खेपेला त्रास दिला असेल तर अर्का रक्षक हे वाण घ्या, त्यात त्या रोगाला प्रतिकारशक्ती आहे. ऑक्टोबरमध्ये फुलं, नोव्हेंबरपासून फळं. दुसरी खेप सप्टेंबरअखेर पेरा, ती मार्चपर्यंत चालेल. नोव्हेंबरच्या मध्यानंतर मात्र बी पेरू नका. थंडीत रोप रेंगाळतं आणि बहर पुन्हा उन्हात सापडतो.

फोटो टाकाल तेव्हा मिरचीचा शेंडा वरून आणि पानाची खालची बाजू, असे दोन टाका. आणि गच्चीवर नळाचं पाणी येतं की बोअरचं, तेही लिहा. बोअरचं असेल तर बॅगा धुण्याचं मी वर सांगितलेलं गणित बदलेल.